चुन्याखाली गेलेली रेघ

"गुरुवारी येतो, मावशी. फार काही करू नका, कॉफी पुरे." रातोमिरने फोन ठेवला आणि तिथेच घोटाळा झाला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने सांगायचं असतं ते एकच: मी येईपर्यंत भिंतींना हात लावू नका. नेमकं तेच राहिलं. सर्बियातल्या कोलुबारा नदीकाठी पाहुणा येणार म्हटलं की माणसं आधी चुन्याची बादली काढतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? त्याच्या साखरपुड्याला त्याच्या आईने कोंबड्यांचं खुराडंसुद्धा रंगवलं होतं.

गुरुवारी स्तानोय्का मावशी धुतलेला एप्रन बांधून दारात उभी, मागे घर दुधासारखं पांढरं. पुराचं पाणी छातीपर्यंत चढलं होतं; गाळाची रेघ हाच त्याचा पुरावा. रेघेचा फोटो नाही, तर भिंतींची भरपाई नाही. भिंती कच्च्या विटांच्या, पाणी पिऊन फुगलेल्या. हिवाळ्याआधी नव्याने बांधल्या नाहीत तर घर टिकणार नव्हतं.

रातोमिरने कपाट सरकवलं, चुलीमागे टॉर्च मारला, कुळाच्या संताची तसबीरही उचलून पाहिली. म्हातारीने एकही कोपरा रंगवायचा सोडला नव्हता. हा आपली सफाई बघतोय अशा समजुतीने ती मागेमागे फिरत होती. म्हणाली, "धूळ शोधतोयस होय? माझी सासू परवडली."

रेघ सापडली ती लाकडांच्या शेडमध्ये. शेडचा विमा नव्हता.

मग त्याने खाली बसून सगळं सांगितलं. ती बराच वेळ हातातला चमचा पुसत राहिली.

"म्हणजे घाण तशीच ठेवली असती, तर घर राहिलं असतं?"

"हो, मावशी."

"आणि तू बोलला नाहीस."

"नाही बोललो."

ती उठली. सफरचंद भरून गोड पिटा भाजली होती, ती ताटात काढली, वर फडकं बांधलं. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, मग तो कसाही निघो.

त्याने शेजाऱ्याच्या भिंतीवरच्या रेघेचा फोटो जोडून पाहिला. 'शेजारी आपला ग्राहक नाही,' एवढा शेरा मारून साहेबांनी कागद परत धाडला. फक्त घरातल्या लाकडी जमिनीची भरपाई मंजूर झाली. बर्फ पडला, उत्तरेची भिंत बसली, आणि मावशी लेकीच्या एका खोलीच्या संसारात राहायला गेली. तिथे रंगवायला तिची अशी एकही भिंत नाही.

आता रातोमिर फोनवर नमस्काराच्याही आधी म्हणतो, भिंतींना हात लावू नका. गावात त्याची टिंगल होते; मामा वारल्याचं कळवायला फोन केला तेव्हाही त्याने हेच सांगितलं म्हणे.

मावशीचं ताट त्याच्या स्वयंपाकघरात आहे. बायको दर सणाला आठवण करते, अहो, पोचवा ते. पण ताट रिकामं परत द्यायचं नसतं, आणि त्यात काय घालून न्यावं हे त्याला अजून सुचलेलं नाही.