बुटीबोरीला उतरलेली बॅग

आमच्या रोहण्याला पूर्वी छोटी गाडी यायची. पुलगाव ते आर्वी, अरुंद रुळांवरची, जोर लावला तर सायकलवालाही तिला गाठेल अशी. आर्वीचा कापूस तिच्यातून पुलगावला जाई, आणि तिच्याच डब्यांत माझे बाबा फुटाणे अन् पेरू विकत. गाडी बंद पडली तेव्हा मी जन्मले नव्हते, पण त्याचा फटका खात वाढले. आई-बाबा दुसऱ्याच्या वावरात (शेतात) मजुरीला जाऊ लागले. मोठ्या बहिणीची शाळा सातवीनंतर सुटली, कारण कापूस वेचायला हात कमी पडत होते. माझी मात्र तिनं सुटू दिली नाही. मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली. हे मी जिथं-तिथं सांगते, इथंही सांगून ठेवते.

लेखी परीक्षा पास झाले आणि नागपूरच्या एका सरकारी कार्यालयाचं पत्र आलं : सकाळी दहाला कागदपत्र पडताळणी, सगळे मूळ कागद सोबत हवेत, गैरहजर राहिल्यास उमेदवारी रद्द. रात्रभर मी त्या पत्राच्या शेवटच्या ओळीवरच होते. पहाटेच्या एसटीनं बाबा आणि मी पुलगाव गाठलं आणि नागपूरच्या पॅसेंजरमध्ये चढलो. कागद माझ्या पाठीवरच्या काळ्या बॅगेत होते, आणि ती मी वरच्या फळीवर ठेवली.

वर्ध्याला गाडी भरली. ही सारी रोजची अप-डाऊन करणारी माणसं. वर्ध्यात राहायचं, नागपुरात नाहीतर बुटीबोरीच्या कारखान्यात काम करायचं, आणि आयुष्याचा मोठा तुकडा या डब्यात काढायचा. समोर बसलेल्या वानखेडे काकांनी डबा उघडला. "घे पोरी, सांबारवडी." (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) मी घेतली आणि हातातच धरून ठेवली.

सिंदीला गाडी बाजूच्या रुळावर उभी राहिली. दहा मिनिटं. पंधरा. मी चौथ्यांदा मोबाईलमध्ये वेळ पाहिली.

"काऊन घाबरून राह्यली?" काका म्हणाले. "मुंबईची, दिल्लीची, हावड्याची, साऱ्या मोठ्या गाड्या ह्याच रस्त्यानं जातेत. त्याहीनंतर कोळशाच्या मालगाड्या. कोळसा गेला की मंग आपण."

"कोळशाले ड्युटीवर टाइमात जा लागते ना काका," मागून कोणीतरी म्हणालं आणि डबा हसला. मला हसू आलं नाही. एक एक्स्प्रेस धडधडत गेली, तिच्या वाऱ्यानं खिडकीतला माझा रुमाल उडाला. आता नऊला पंधरा मिनिटं कमी होती.

या गाडीची एक रीत आहे. बुटीबोरीला उतरणारे लोक खूप आणि थांबा जेमतेम. म्हणून उतरणारे आधीच रिकाम्या हातानं दारात जाऊन उभे राहतात, आणि बसलेली माणसं वरच्या फळीवरच्या त्यांच्या बॅगा डोक्यांवरून हातोहात दाराकडे पाठवतात. बुटीबोरी आली तेव्हा फळीखालीच बाबा बसले होते. त्यांनी आयुष्यभर गाडीत माल चढवला-उतरवला. हात आपोआप वर गेले. "द्या, द्या," म्हणत ते एकेक बॅग पुढं करत होते. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ते मोकळे झालेले दिसले.

गाडी सुटल्यावर मी वर पाहिलं. काळी बॅग होती. पण तिची चेन तुटलेली होती, माझ्या बॅगेची धड होती.

"बाबा, माही बॅग?"

बाबांनी फळीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"तुमाले कोनं सांगतलं होतं हात लावाले?" मी भर डब्यात ओरडले. 

काकांनी ती दुसरी बॅग उघडली. आत जेवणाचा डबा आणि कारखान्याचं ओळखपत्र. "हा तं आपला निखिल व्हय." त्यांनी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला : "अवो काका, मी डबा पाह्यतो तं मार्कशीट निघाली ना!"

"हसू नोको बे. पोरीची नोकरी हाय त्याच्यात. गुमगावले आनून दे."

गुमगाव म्हणजे पुढचंच स्टेशन, पण तिथं उतरायचं म्हणजे हातातली गाडी सोडायची. न उतरावं तर रिकाम्या हातानं नागपूर. मी उतरले. बाबा निखिलची बॅग छातीशी धरून मागोमाग उतरले. गाडी निघून गेली आणि फलाटावर आम्ही दोघंच उरलो, चार हात अंतर ठेवून.

पंचवीस मिनिटांनी निखिल मोटारसायकलवर आला. मी माझी बॅग हिसकावलीच जवळजवळ, बाबांनी त्याची त्याला दिली. दहावी, बारावी, पदवी, जातीचा दाखला. सगळं होतं.

"ताई, मोजत नोका बसू. बसा, बाबा तुमीबी," निखिल म्हणाला. "ट्रिपल सीट जाऊ. सायबाले पोट दुखते सांगून आलो."

त्यानं आम्हाला हायवेवर सोडलं, नागपूरची एसटी हात दाखवूनही थांबेना तेव्हा थेट तिच्यापुढं गाडी आडवी लावली, आणि ड्रायव्हरच्या शिव्या हसत ऐकून घेतल्या.

कार्यालयात पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. माझं नाव पुकारून झालं होतं. "गैरहजर लिहिलंय," टेबलामागच्या बाई म्हणाल्या.  बाबा पुढं झाले. "मॅडम, चूक माही हाय. तिची बॅग म्याच दुसऱ्याच्या हाती देल्ली. ते तं पहाटपासून निंगाली."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यादी संपल्यावर गैरहजरांना पुन्हा पुकारू. इथून हलू नका."

मी दीड तास हलले नाही, पाणी प्यायलाही. साडेबारानंतर नाव आलं. एकेक कागद पाहून बाईंनी शिक्का मारला.

संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये बाबा खिडकीशी बसले. खापरी गेल्यावर मी म्हटलं, "सकाळी मी लयच बोलली."

"बोल्ली ते बराबर बोल्ली," ते म्हणाले. "पन डब्यातल्या लोकाईसमोर नोको बोलत जाऊ. त्याहीच्याचसंग तुले रोज जा-या लागन."

मला अजून नोकरी लागलेली नव्हती. ती त्यांनी तिथं खिडकीशी बसल्या-बसल्या देऊन टाकली होती. मला मात्र निकालापर्यंत नीट झोप आली नाही.

निकालात माझं नाव होतं. मी आता वर्ध्यात खोली घेऊन राहते, पॅसेंजरचा पास काढलाय, आणि नागपूरच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे.