गव्हाणे डॉक्टरांची फटफटी

बंद पडलेल्या फटफटीला कुणी नुसत्या लाथा घालू लागलं की गव्हाणे डॉक्टरांचं पित्त खवळायचं. "आरं, ती काय बसलेली म्हैस हाय व्हय?" असं ओरडत ते त्या माणसाला बाजूला ढकलायचे. डॉक्टर मूळचे केम गावचे, शेतकऱ्याघरचे. मुंबईला शिकून त्यांनी सोलापुरात दवाखाना थाटला, तरी राग आला की तोंडात केमचीच भाषा यायची, आणि राग त्यांना दिवसभर यायचा. मी त्यांचा कंपाउंडर, त्यामुळे त्यातला मोठा वाटा माझा.

फटफटी त्यांनी महायुद्धानंतर एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. तेव्हाच ती म्हातारी होती. रस्त्यात बसली की डॉक्टर कोट काढून माझ्या अंगावर फेकायचे, प्लग काढून तारेसकट इंजिनाच्या लोखंडावर टेकवायचे आणि मला किक मारायला लावायचे. ठिणगी उडाली तर दोष पेट्रोलकडे. नाही उडाली तर आधी दुसरा प्लग, मग तार, मग मॅग्नेटो, म्हणजे वीज तयार करणारा तो डबा. एकदा मी प्लग आणि तार दोन्ही एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली. मला वाटलं, आता पाठ थोपटतील. "दोष कशात होता ते सांग की आता!" ते गरजले. "पेशंटला चार औषधं एकदम पाजून नाचणार का तू?" आणि त्यांनी जुना प्लग पुन्हा लावायला लावला. मनातल्या मनात मी त्यांना भरपूर शिव्या दिल्या.

आवाज चढायचा नाही तो फक्त आईपुढे. ती माउली दसऱ्याला शेतातली अवजारं पुजत आलेली. एका दसऱ्याला सकाळीच तिनं फटफटीला तांब्यातांब्यानं पाणी ओतून आंघोळ घातली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. "माज्या लेकाला रोज सुखरूप आणती की. हिची पूजा नगं?" असं मला वर विचारलं.

तेवढ्यात मोहोळच्या वाटेवरच्या एका खेड्यातून एक तरुण घोडी पळवत आला. "डागदर, भन बाळंतपणात अडलीया. कालधरनं. चला की!"

डॉक्टरांनी किक मारली. काही नाही. प्लग टेकवला, ठिणगी नाही. दुसरा प्लग, नाही. तार पुसली, नाही. मी टांग्याचं सुचवलं. "टांगा दुपारी पोचंल, तंवर ती बाई थांबती व्हय?" ते माझ्या अंगावर धावून आले. मग मॅग्नेटोचं झाकण उघडलं. आत पाणी, आणि ज्या दोन टोकांमध्ये वीज तुटते तिथं कुंकवाचा लाल चिखल. डॉक्टरांनी मान वर केली. दारात आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. "माज्या पाण्यानं झालं का रं?" त्यांनी झाकण खाली ठेवलं. मला दवाखान्यातलं स्पिरिट आणायला पिटाळलं, एकेक भाग धुतला, वाळवला. गाडी सुरू होईपर्यंत उन्हं चांगली वर आली होती.

आम्ही पोचलो तेव्हा पोरगी नुकतीच गेली होती. अंग अजून गरम होतं. बाळही वाचलं नाही. ओसरीवर सासरा पान खात बसला होता. "परक्या बाप्यानं बाळंतिणीला हात लावायचा, म्हणून रातभर थांबलो," म्हणाला. रात्री निरोप धाडायलाच त्याची मनाई होती. पहाटे, बहिणीला बघायला आलेल्या भावानं कुणाला न विचारता घोडी काढली. आज इतकी वर्षं झाली, तरी ते चघळणारं तोंड आठवलं की माझं डोकं फिरतं. डॉक्टर त्याच्यावर इतके ओरडले की गाव गोळा झालं. म्हातारा ढिम्म.

घरी आई उंबऱ्यातच बसून होती. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. "जगली का रं?"

"न्हाय. पोरगं घोडी घेऊन निघालं तवाच ती गेली हुती. गाडी लगेच सुरू झाली असती तरी काय उपेग नव्हता."

अंदाजानं एक शब्द न बोलणारा तो माणूस धडधडीत खोटं बोलला होता.

पुढं दर दसऱ्याला डॉक्टर पहाटे उठून गुपचूप मॅग्नेटो काढून ठेवत आणि आईला हाक मारत, "ये, घाल आंघोळ." ती आनंदानं पाणी ओतायची. आपल्या पाण्याचा काही दोष नव्हता, हे तिनं मरेपर्यंत खरं मानलं.

ती गेल्यानंतरच्या दसऱ्याला तिची रीत चालावी म्हणून मी तांब्या भरून अंगणात आलो. डॉक्टरांनी तो माझ्या हातातून हिसकावला आणि रस्त्यावर भिरकावला. आईच्या घरात एवढा मोठा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता.

"अंग गरम हुतं रं तिचं!" ते ओरडले. "आईसाठी म्या खोटं बोललो. त्या पोरीसाठी खरं कोण बोलणार?"