वजाच्या जागी अधिक

माझ्या वर्गात मन लावून ऐकणारी मुलं दोनच होती, आणि मी नेमकं त्या दोघांनाच निलंबित केलं.

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. सत्रपरीक्षेत शेजारी बसलेल्या एका मुलाच्या आणि मुलीच्या पेपरात सूत्र एकसारखं चुकलं होतं. वजाच्या जागी अधिक. बाकी वर्गाचं बरोबर. म्हणजे कॉपीच. मुलगी म्हणाली, "सर, पण तुम्हीच..." मी म्हणालो, "मला मध्ये आणू नकोस." दोघांना एका सत्रासाठी घरी बसवलं. मी घरी जाऊन बायकोला शिस्तीवर व्याख्यान दिलं.

आमच्याकडे निलंबित मुलांना एकच आसरा होता, मराठी विभागाच्या खोलीत मराठी शिकवणाऱ्या बाईंचं टेबल. बाई मूळच्या मालवणकडच्या, राहायला भांडुपला. आता निवृत्त होऊन गावी गेल्यात. कोणी रडवेलं पोर आलं की त्या थर्मास उघडायच्या. "आधी चहा घे. गुन्हा मागाहून सांग." चहा संपला की म्हणायच्या, "आता तुझा विषय मला शिकव. मला कळला म्हणजे तू पास." गणितातलं बाईंना ओ की ठो कळत नसे, त्यामुळे पोरांना अगदी मुळापासून सांगावं लागे, आणि सांगता सांगता त्यांचाच अभ्यास होई. असं करून त्यांनी कितीतरी मुलं परत वर्गात आणून बसवली. स्टाफरूममध्ये आम्ही त्या टेबलाला 'धर्मशाळा' म्हणायचो. हे नाव ठेवणारा मीच.

एका दुपारी मी बाईंना समजवायला गेलो, की कॉपी करणाऱ्यांवर वेळ फुकट घालवू नका. त्या खोलीच्या दाराशीच थबकलो. आत माझंच लेक्चर चाललं होतं! मुलगी बाईंना शिकवत होती. माझा खोकला, माझं "कळलं? नाही कळलं? कळेल," आणि माझा तो ठरलेला विनोदसुद्धा. वर्गात त्याला कोणी हसत नाही. बाई मात्र डोळे पुसत हसत होत्या. मुलाने फळ्यावर सूत्र लिहिलं.

मी दारातूनच ओरडलो, "अरे, अधिक कुठून आलं तिथे? वजा! वजा!"

"तुम्हीच अधिक सांगितलेलं, सर," मुलगी म्हणाली. "मी विचारलं पण होतं. तुम्ही म्हणालात, डोकं चालवू नकोस, लिही."

"मग बाकीच्यांचं बरोबर कसं आलं?"

"ते बाहेरच्या क्लासचं लिहितात ना सर," मुलगा म्हणाला. "तुमचं लेक्चर कोण ऐकतं?" मग जीभ चावली. "सॉरी सर."

बाईंनी आपला कप माझ्यापुढे सरकवला. "घ्या सर. गुन्हा मागाहून सांगा."

कप मी तसाच ठेवला. मी म्हणालो, "दोघांचा सहानुभूतीने विचार करायला सांगतो."

"सहानुभूती कित्याक?" बाईंची मालवणी रागात बाहेर यायची. "केलंय काय पोरांनी?"

प्राचार्यांना खरं सांगावं लागलं. शिक्षा रद्द झाली. पण मुलगी वर्गात यायला तयार नव्हती. "सगळे कॉपीवाली म्हणतात, मॅडम. मी कॉलेज सोडते."

"उद्या ये," बाई म्हणाल्या. "आधी सर बोलतील. मग काय ते ठरव."

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर उभा राहिलो. मुलगा आपल्या बाकावर, बाई शेवटच्या बाकावर, मुलगी दाराबाहेर. मी घसा साफ केला. "मागच्या परीक्षेच्या बाबतीत एक चूक झाली होती. ती दुरुस्त करण्यात आली आहे." आणि घाईघाईने खडू उचलला.

"सर," मागून आवाज आला, "ह्या वाक्यांत कर्ता कुठे आहे?"

वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी खडू खाली ठेवला.

"चूक मी केली," मी म्हणालो. "सूत्र मी चुकीचं शिकवलं. ह्या दोघांनी ते लक्ष देऊन ऐकलं, म्हणून त्यांचं चुकलं. आणि मी त्यांना चोर ठरवलं."

मुलगी एक पाऊल आत आली.

"तू सांगत होतीस," मी तिला म्हणालो. "मी बोलू दिलं नाही. ती चूक नव्हती, ते मी मुद्दाम केलं. मला माफ कर."