दुसऱ्याच्या फिल्मवर मुनीरमामांचा मणका

आधीच सांगतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. माझं सगळं आयुष्य एक्स-रे काढण्यात गेलं. हाड, मांस, हवा... जे आहे ते फिल्मवर उमटतं, जे नाही ते उमटत नाही. गावाकडे कुणी लागीर-बिगीर बोलायला लागलं की मी उठून जायचो. आजही जातो. तरी ही एक गोष्ट डोक्यातून गेलेली नाही. ती आठवली की मला भीती वाटत नाही, राग येतो. म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. दौंडला स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका डॉक्टरांचं एक्स-रे क्लिनिक होतं. तळमजल्यावर मेडिकल, वरती आम्ही. मी तिथे टेक्निशियन. कॉम्प्युटर वगैरे काही नव्हतं. डार्करूममध्ये फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग फिक्सर, मग पाणी, मग हँगरला वाळत घालायची.

एका सकाळी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीची जीप आली. मागच्या सीटवर आमच्या केंदूरचे मुनीरमामा. आमचं आणि त्यांचं घर एकाच गल्लीत, म्हणून मामा. कंपनीत कंत्राटी कामावर होते. टाकीच्या शिडीवरून घसरले आणि सरळ बुडावर आदळले. सोबत सुपरवायझर होता. साळवी त्याचं नाव.

"मामा, कुठं दुखतंय?"

"ह्ये बग, हितं," त्यांनी पाठीच्या मधोमध हात नेला. "चालतोय मी. पर वाकलं का डोळ्याम्होरं अंधारी येती."

साळवी म्हणाला, "मुका मार आहे हो. उगाच फोटोचा खर्च."

मी मामांना कुशीवर झोपवून बाजूने फिल्म काढली. ओली असतानाच दिसलं. मणका बाजूने पाहिला तर चौकोनी डब्यासारखा दिसतो. मामांचा कमरेचा पहिला मणका पुढून चेपून पाचरीसारखा झाला होता आणि त्याचा वरचा कोपरा तुटून पुढे आला होता. हे असं मोडणं फसवं असतं, माणूस चालतो. त्यामुळे लोकांना वाटतं काही झालेलं नाही. त्याला ओझं उचलायला लावलं तर तो मणका आणखी खचतो, नसा दाबतो आणि पाय जातात. वरून हात फिरवून हे कळत नाही. त्यासाठीच तर फिल्म असते.

मी फिल्म डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. साळवी आत गेला. दार लागलं.

पंधरा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फिल्म खराब आलीय. रिपीट करा. नंबर तोच लावा."

"सर, फिल्म चांगली आहे."

"रिपीट करा म्हटलं ना."

मामांना तोवर जीपमध्ये नेऊन बसवलं होतं. टेबलावर झोपायला आला तो कंपनीचा वॉचमन, जीपबरोबरच आलेला. मामांच्याच अंगलटीचा. कंपनीच्या गेटवर एक बोर्ड होता, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. तो आकडा पुसायचा नव्हता, बस. एवढ्यासाठी.

मी काय केलं? फिल्म काढली. बायकोला सातवा महिना होता, नोकरी नवी होती... कारणं सगळी होती माझ्याकडे. वॉचमनच्या करदोट्याला तांब्याचा ताईत होता. एरवी मी असलं सगळं काढून ठेवायला लावतो, कारण धातू फिल्मवर पांढरा उमटतो. त्या दिवशी मुद्दाम काही बोललो नाही. एवढीच माझी मर्दुमकी.

ती फिल्म मी स्वतः धुतली, वाळवली, नीट पाहिली. सगळे मणके सरळ, चौकोनी. कमरेशी ताईताची पांढरी नळी. डॉक्टरांनीही उजेडावर धरून पाहिली आणि रिपोर्ट लिहिला: हाडांना इजा नाही. मामांची खरी फिल्म साळवीने खिशात कोंबावी तशी गुंडाळून नेली. ती परत कधी कुणाला दिसली नाही.

मामांना चौथ्या दिवशी कामावर बोलावलं. पिंपं हलवायचं काम. दोन दिवसांत त्यांच्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. तेव्हा मामांची बायको, शमामामी, केंदूरहून आल्या आणि कंपनीच्या गेटसमोर जाऊन बसल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. ड्यूटीवर जाणाऱ्या प्रत्येकाला नुसतं विचारत होत्या, "माज्या मानसाचा फोटू कुठं हाय?" तीन शिफ्टची माणसं त्यांना बघून आत जायची. शेवटी मॅनेजरनेच सांगितलं, पुण्याच्या हाडांच्या डॉक्टर बाई दर आठवड्याला कंपनीत येतात, त्यांच्यासमोर होऊन जाऊ दे. फिल्म काढणारा म्हणून मलाही बोलावलं.

भर दुपारची वेळ. टाइम ऑफिसमध्ये मॅनेजर, साळवी, डॉक्टर बाई, मामा, मामी आणि मी. साळवीने क्लिनिकचं सीलबंद पाकीट टेबलावर टाकलं. "बघा मॅडम, नॉर्मल आहे." त्याच्या चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. का असेल?

बाईंनी रिपोर्ट वाचला. मग फिल्म काढून खिडकीच्या उजेडावर धरली. बराच वेळ धरली.

"हे नॉर्मल कुणी लिहिलंय?"

"म्हणजे?" साळवी पुढे झाला.

"पहिला लंबर मणका चेपलाय. कोपरा तुटलाय. कॉलेजातल्या पोरालासुद्धा दिसेल. या माणसाला तुम्ही पिंपं उचलायला लावलीत?"

मी जवळ गेलो. नंबर माझा. शिशाचे आकडे मी लावलेले, दोनचा आकडा किंचित तिरपा. कमरेशी ताईताची पांढरी नळी. म्हणजे फिल्म वॉचमनचीच. आणि त्यावर मामांचा मणका. पुढून चेपलेला, वरचा कोपरा तुटून बाहेर आलेला. मी ओल्या फिल्मवर पाहिला होता अगदी तसाच.

मी आकडे पुन्हा वाचले. साळवी तर पांढराफटक पडला, कारण त्यालाही माहीत होतं.

बाईंनी विचारलं, "कमरेला हे काय आहे तुमच्या?"

मामांनी शर्ट वर केला. "म्या काय बांधत न्हाई, म्याडम. कदीच न्हाई."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी गप्प राहिलो असतो तरी मामांचं काम झालं असतं, मणका तर दिसतच होता. पण तोंडातून निघून गेलं. "ही फिल्म यांची नाही. यांची पहिली काढली होती, ती साळवी साहेबांनी नेली. ही वॉचमनची आहे." सगळं सांगितलं. कुणी सांगितलं, कसं सांगितलं, मी काय केलं.

बाईंनी मामा-मामींना आणि वॉचमनला स्वतःच्या गाडीतून पुण्याला नेलं, मलाही सोबत घेतलं. दोघांच्या नव्या फिल्म काढल्या. वॉचमनची पाठ ठणठणीत. एकही मणका इकडचा तिकडे नाही. मामांचा मणका चेपलेला. मी मामांची नवी फिल्म त्या ताईतवाल्या फिल्मवर ठेवली. तुटलेला कोपरा कोपऱ्यावर बसला. पिंपं हलवली त्या दोन दिवसांत मणका थोडा जास्त खचला होता, एवढाच फरक.

मामांना प्लास्टरचं जाकीट घातलं, कित्येक आठवडे झोपवून ठेवलं. पाय वाचला. पुढे ते केंदूरलाच राहिले, जड काम कधी केलं नाही. साळवीची दुसऱ्या प्लांटला बदली झाली — बदली, दुसरं काही नाही. बोर्डावरचा आकडा पुसला की नाही, मला माहीत नाही. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. डॉक्टरांचं क्लिनिक पुढे कितीतरी वर्षं जोरात चाललं, आणि हे लिहितानाही माझे दात आवळले जातात.

आता फिल्मचं. मी माझ्या क्षेत्रातल्या जुन्या माणसांना विचारलंय. कुणी म्हणतं डबल एक्स्पोजर, एकाच फिल्मवर दोन फोटो. पण एकदा धुतलेली, फिक्स केलेली फिल्म पुन्हा एक्स्पोज होत नाही. कुणी म्हणतं पाकिटं बदलली असतील. मग ताईत कुठून आला? कुणी म्हणतं तू टेन्शनमध्ये चुकीचं पाहिलंस. मग क्लिनिकच्या डॉक्टरांनी काय पाहिलं होतं? ती फिल्म बाईंनी स्वतःकडे ठेवली. शेवटचं भेटलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला काही कळलं का?" मी नाही म्हटलं. "मलाही नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पुण्याहून परतताना शमामामी माझ्या शेजारी बसल्या होत्या. फिल्मबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. यवत मागे पडल्यावर म्हणाल्या, "तुला पयल्याच दिशी ठावं व्हतं, न्हाई का रं?"

फिल्मवर ते कसं आलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. मामींच्या प्रश्नाचं होतं. दौंड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.