दोन अंशांचे भांडण

कोजागिरीनंतरचा रविवार.

गौरव समितीची आधी क्षमा मागते. डॉ. निंबार्ते सरांच्या साठीनिमित्त लेख द्यावा, असा निरोप समितीने उन्हाळ्यात दिला, पावसाळ्यात आठवण केली, आणि आता धान लोंबीवर आले तरी मी गप्पच. लेख अडला एका वाक्यावर. ‘सरांचे कार्य आम्ही पुढे नेऊ’ हे वाक्य अशा लेखात यावेच लागते. ते खरे आहे का, हे मला ठरवता येईना.

सरांची पहिली भेट माठापाशी झाली. मी प्राणिशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. मे महिना होता. माठात पेला बुडवला, तर आत दोरीला बांधलेली एक बंद बाटली. मागून आवाज आला, “हळू जी मॅडम! तिथे माझं गॅलियम झोपलं आहे.”

गॅलियम हा धातू तळहाताच्या उबेने वितळतो. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात तेवढीही तसदी लागत नाही, तो कपाटातच वितळतो. विद्यार्थ्यांना तो घनरूपात दाखवता यावा म्हणून भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख त्याला माठात निजवत होते.

“हे पाणी प्यायचं का?” मी विचारले.

“मी आठवडाभर पितो आहे. पण तुम्ही पलीकडचा माठ घ्या. माझ्यावरचा प्रयोग अजून संपलेला नाही.”

पुढे सरांनी मला त्यांच्या कामात ओढले. मऊ रबरात पातळ गॅलियमच्या केसाएवढ्या रेषा भरायच्या आणि त्यावर जिवंत पेशींचा थर वाढवायचा. पेशी पसरताना रबर ओढतात, रेषा ताणल्या जातात, त्यांतून वाहणारी वीज किंचित बदलते. त्यावरून पेशींचे काय चालले आहे ते कळते. उलट, हलकी वीज देऊन पेशींना वळवताही येते.

पेशी माशाच्या घ्यायच्या ठरल्या. गोसीखुर्द धरणावर एका मासेवाल्या बाईंनी सरांना विचारले, “खायले पायजे का पाहाले?”

“शेपटाचा एवढासा तुकडा घेतो, अन् मासा परत आणून सोडतो.”

“मंग मी पकडला काहून जी?”

मासा बादलीतून महाविद्यालयात आला, आणि त्याच बादलीतून सरांनी स्वतः त्याला धरणात नेऊन सोडले.

मग भांडण सुरू झाले. माशाच्या पेशींना अठ्ठावीस अंश मानवतात. गॅलियम पातळ राहायला तीस लागतात. सर जाता-येता उबवणी पेटीचे बटण वर करायचे, मी खाली. त्यांच्या रेषा गोठून तुटायच्या, माझ्या पेशी सुकायच्या. कॅन्टीनच्या सिंधूमावशी म्हणाल्या, “सासू-सुनेवानी चुलीच्या जाळावरून काहून भांडून राहिले जी?”

शेवटी सरांनीच माघार घेतली. गॅलियममध्ये इंडियम हा दुसरा धातू मिसळला, म्हणजे ते अठ्ठावीसलाही पातळच राहते. म्हणाले, “पेशी जिवंत आहेत, त्यांचं ऐकलं पाहिजे. धातूला समजावता येतं.” वादात हरलेले विभागप्रमुख इतके प्रसन्न मी दुसरे पाहिलेले नाहीत.

त्याच दिवसांत सरांच्या बाहीवरचा एक थेंब मावशींच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, झाकणावर पडला. गॅलियम अॅल्युमिनियमला पोखरते. सकाळी झाकण पापडासारखे मोडले. सरांनी स्टीलचे भांडे झाकणासह आणले आणि पहिला चहा स्वतः करून मावशींना दिला. मावशींनी एक घोट घेतला. “सर, तुमचा हात धातूलेच बरा.”

या महिनाअखेरीस सर निवृत्त होत आहेत. निरोप समारंभात काय द्यावे, असे विचारल्यावर ते म्हणाले, “शाल नको. माझ्या माघारी पेशींना खाऊ कोण घालेल, तेवढं सांगा.” पोषक द्रव वेळच्या वेळी बदलला नाही, तर त्या मरतात. सगळे पंख्याकडे पाहू लागले. मीही. पेशींना दिवाळीची सुट्टी नसते. मला असते, आणि हवीही असते. मी सुरुवात करून मध्येच सोडले तर? त्यापेक्षा आधीच नाही म्हणणे बरे का? हाच हिशेब इतके दिवस सुटत नव्हता.

आज सकाळी सरांच्या घरी जाऊन प्रयोगशाळेची किल्ली मागितली.

“विचार केला?”

“केला. एकच अट. पेटी अठ्ठावीसवर राहील.”

सरांनी किल्ली पुढे केली, पण सोडली नाही. “साडेअठ्ठावीस?”

“सर.”

त्यांनी किल्ली दिली.

तेव्हा ते वाक्य आता लिहिते: सरांचे कार्य आम्ही पुढे नेऊ. सरांना निरोगी शंभरी लाभो, आणि तेव्हाही त्यांनी पेटीत डोकावायला यावे. बटणाला मात्र हात लावू नये.

उद्या: महाविद्यालय उघडताच पेशींचा द्रव बदलणे.