पट्टीवरची खूण

...तर काय सांगत होते, हां, ती तेलाची पट्टी. थांब, आधी पट्टीचं नको, आधी माणसाचं लिही. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारी एका लोखंडाच्या तुकड्यासाठी जीव काढतेय. आणि मी बोलते तसंच लिही. मध्ये सुधारत बसू नकोस, तुझं शाळेतलं मराठी मलाच कळत नाही.

माझा धाकटा भाऊ. तुझ्या बाबाचा मामा. तू पाहिलायस तो खुर्चीत बसलेला, गुडघ्यावर पांघरूण घेतलेला. तो तसा नव्हता गं. डोंगरावरच्या आमच्या वस्तीत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. एक हातभर लांब पेचकस होता त्याच्याकडे. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग सांगायचा, तिसऱ्या नळकांड्यात दुखतंय. उघडलं की तिथेच सापडायचं. माझी भावजय म्हणायची, "लग्नाला तीस वर्षं झाली वन्सं, माझं दुखतंय हे ओरडून सांगावं लागतं. त्या लोखंडाचं मात्र न सांगता कळतं." तो हसायचा नुसता. बोलायला कमी होता.

मग तिच्या किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शनिवारी डायलिसिस. दवाखाना खाली शहरात, आणि वरून खाली येणारा रस्ता म्हणजे रस्ता नव्हेच, दगडांची माळ. दोन ठिकाणी नाला ओलांडायचा. भाड्याच्या गाड्या पहिल्या वळणावरूनच परत जायच्या. चढायची ती एकटी त्याची जीप. चारही चाकांना जोर असलेली, माझ्या लग्नाच्या वेळची. खाली खोली घेऊ असंही बोलून झालं, पण भावजय म्हणाली, मला माझ्या खिडकीतून डोंगर दिसल्याशिवाय झोप लागत नाही. विषय संपला. माझे यजमान गेल्यावर मीही त्यांच्या शेजारच्याच दोन खोल्यांत राहायला आले होते.

त्या जीपचं मूळचं इंजिन पेट्रोलचं. ते तडकलं. त्यानं एका भंगारातल्या टेम्पोचं डिझेल इंजिन आणलं आणि महिनाभर खपून जीपमध्ये बसवलं. चालायची झकास. पण तेव्हाच नवा नियम आला की जुन्या गाड्यांची धुराची तपासणी करून घ्यायची. अमुक तारखेपर्यंत पास झाली तर ठीक, नाहीतर गाडी तिथेच ठेवून घेणार आणि दाबून चपटी करणार. ती चपटी झाली की भावजयीचे मंगळवार-शनिवार संपले. हे कोणी घरात बोलायचं नाही. पण जेवताना सगळे गप्प बसायचे ना, त्यात तेच असायचं.

तपासणीच्या पहिल्या खेपेला खिडकीतल्या कारकुनानं गाडीचं पुस्तक बघितलं, इंजिन बघितलं आणि म्हणाला, "काका, कागदावर पेट्रोल आणि पोटात डिझेल. हे कसं काय?" भाऊ म्हणाला, "साहेब, तुमच्याही कागदावर एक पगार असेल आणि पोट वेगळंच सांगतंय." एरवी न बोलणारा माणूस, बोलला तो नेमका तिथे. कागद बदलून मिळायला दोन महिने गेले त्या एका वाक्यापायी.

दुसऱ्या खेपेला कागद बरोबर, पण धूर जास्त. आणि वर एक शेरा. इंजिनाच्या पोटातून एक नळी निघते, वाफ बाहेर टाकायची. ढेकर देतं म्हण ना इंजिन. भावानं ती खाली रस्त्याकडे मोकळी सोडली होती. ते चालणार नाही म्हणाले, ती हवेच्या नळीला जोडा, म्हणजे वाफ इंजिनानंच परत आत घ्यायची. त्यानं तसं केलं. धुरासाठी डिझेल फवारणारे नोझल उतरवून साफ केले. आता एकच खेप उरली होती, मुदतीच्या आदल्या शनिवारची. आधी तपासणी, मग तिथूनच दवाखाना.

आता माझं लिही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या शनिवारी सकाळी भाऊ आत भावजयीला कपडे घालत होता. तिचे पाय सुजले होते, चपला चढत नव्हत्या. आतून तिचं दबकं कण्हणं ऐकू येत होतं. मी अंगणात जीपपाशी उभी. हाताला काम नाही, जीव थाऱ्यावर नाही. म्हटलं आपण काहीतरी करावं. जुनं इंजिन होतं तेव्हा दर सोमवारी तेल मीच बघायची. त्यानंच शिकवलं होतं. इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढायची, पुसायची, परत घालायची, मग बघायची. दोन रेघा असतात, तेल दोहोंच्या मध्ये हवं. वस्तीत कुठल्या बाईला येत नव्हतं, मला यायचं. नवीन इंजिन आल्यापासून मात्र तो स्वतःच बघायचा. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, माझं वय झालं म्हणून.

पट्टी काढली. तेल खालच्या रेघेच्याही खाली. तिथे एक ओरखडा होता, बोटाच्या पेरभर खाली, तिथपर्यंत तेल. मला वाटलं कुठे घासली असेल. म्हटलं, बघा, बायकोच्या काळजीत हा तेल टाकायचंच विसरला, आणि आज भर तपासणीत इंजिन जळालं असतं. फडताळात नवा डबा होता. तो ओतला. वरच्या रेघेला पोचेना म्हणून दुसऱ्यातलं थोडं. हात पुसले आणि गाडीत जाऊन बसले. कोणाला सांगितलं नाही. खाली पोचलो की सांगू, शाबासकी मिळेल. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि शाबासकीची वाट बघत बसले.

त्यानं गाडी सुरू केली, पेचकस लावला. नेहमी दोन क्षण लावायचा, त्या दिवशी बराच वेळ. म्हणाला, "जड वाजतंय."

मी म्हटलं, "थंडी आहे."

"थंडीनं असं वाजत नाही, ताई."

पण उशीर झाला होता. निघालो. उतारावर मागे निळा धूर दिसायला लागला. पातळ, दोऱ्यासारखा. तो आरशात पुन्हा पुन्हा बघत होता. भावजय पुढे डोळे मिटून बसलेली. पहिला नाला गेला, दुसरा गेला. मला आता तोंड उघडावंसं वाटत होतं आणि उघडत नव्हतं. चांगलं केलंय मी, मग सांगत का नाही, असं मीच मला विचारत होते.

तपासणीची जागा म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. जमिनीवर पिवळे पट्टे. दोन्हीकडे उघडी, समोरच्या टोकाला भिंत आणि भिंतीला एक बाकडं. भावजयीला उभं राहवेना म्हणून तिला त्या बाकड्यावर बसवलं, मी शेजारी. जीप सरळ आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. तपासणाऱ्या बाई होत्या, आवाज लागू नये म्हणून कानांवर मोठाले बोंडले लावलेल्या. त्यांनी धुराच्या नळीत आपली नळी घातली, गाडीत बसल्या आणि भावाला बाजूला उभं केलं. पाच वेळा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, पाच वेळा सोडायचा, असा नियम.

एकदा दाबलं, इंजिन ओरडलं, सोडलं, खाली आलं. दुसऱ्यांदा. भावाची मान वाकडी झाली, कान गाडीकडे. त्यानं हात वर केला, थांबा म्हणून. पण त्यांच्या कानांवर बोंडले. तिसऱ्यांदा दाबलं आणि सोडलं, आणि इंजिन खाली आलंच नाही.

पाय वर होता त्यांचा. मला दिसत होता. तरी आवाज चढतच होता. त्यांनी किल्ली फिरवून बंद केली, किल्ली काढून हातात घेतली, तरी चढतच होता. पांढरा धूर इतका आला की शेडचं दुसरं टोक दिसेना. पत्रे थरथरायला लागले. त्या बाई उतरून मागे पळाल्या. इंजिन स्वतःचंच तेल पीत होतं, बाळा. डिझेल बंद केलं तरी त्याला काय, पोटातलं तेल त्या ढेकराच्या नळीतून हवेबरोबर आत चाललं होतं. ते संपेपर्यंत नाहीतर फुटेपर्यंत थांबणार नव्हतं.

सगळे मागे गेले, भाऊ पुढे गेला. चढून बसला. त्याला एकच मार्ग माहीत होता. वरचा गिअर टाकायचा, ब्रेकवर उभं राहायचं आणि क्लच एकदम सोडायचा, म्हणजे गाडी जागच्या जागी गुदमरते. पण ब्रेक टिकला नाही तर ती सरळ समोर येणार. समोर आम्ही. त्यानं काचेतून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण कळलं. ताई, तिला हलव.

मी उठले नाही. उठायचं होतं, पाय उठले नाहीत. भावजयीनंच माझा हात धरला आणि म्हणाली, "बसा वन्सं. ते बघतायत." आणि तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

जीपनं उडी मारली. एकच. मग अख्खी गाडी थरथरली आणि मेली. पुढचा लोखंडी पट्टा भावजयीच्या गुडघ्यापासून एका वितीवर. 

भाऊ उतरला. आधी तिच्याकडे आला, मग बॉनेट उघडलं. पट्टी ओढली. पुसली, घातली, परत ओढली. तेल वरच्या रेघेला बरोबर टेकलेलं. तो त्या रेघेकडे बघत राहिला, आणि मग हळूच माझ्याकडे. माझ्या पदराच्या टोकाला तेलाचा डाग होता.

बाईंनी विचारलं, "एवढं तेल कुणी भरलं?"

"मीच," भाऊ म्हणाला. "घाईत अंदाज चुकला."

"तुमच्यासारख्या माणसाचा?"

"माणूसच ना, बाई."

मग त्यानं मला पट्टी दाखवली, जवळ येऊन, हळू आवाजात, जसं पहिल्यांदा शिकवलं होतं तसं. टेम्पोचं इंजिन जीपमध्ये सरळ बसत नव्हतं, खाली आडवा दांडा यायचा. म्हणून त्यानं इंजिनाचं नाक वर करून ते मागे रेलून बसवलं होतं, आरामखुर्चीत बसल्यासारखं. तेल सगळं मागे, पट्टी पुढे. बरोबर तेल असलं तरी पट्टी कमीच दाखवायची. म्हणून त्यानं मोजून तेल घातलं होतं आणि ते जिथपर्यंत आलं तिथे कानशीनं खूण पाडली होती. तोच माझा ओरखडा. "कंपनीच्या रेघा आता खोट्या आहेत, ताई," म्हणाला. "मी सांगायला हवं होतं. चूक माझी." हे मात्र तो खोटं बोलला नाही, खरंच तसं मानत होता. मला ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, तेल काढा, दुपारी शेवटच्या गाडीनंतर घेते, पण आता दाबायला तुम्हीच बसा, मी बसणार नाही. दवाखान्यात निरोप पाठवला, त्यांनी भावजयीला संध्याकाळी घेतलं. दुपारी भाऊ बसला. पाच वेळा दाबलं. प्रत्येक वेळी ते खाली येईपर्यंत मी श्वास घेतला नाही. यंत्रातून कागद निघाला. पास. भावजय त्या जीपमधून पुढे चार वर्षं खालीवर करत राहिली आणि शेवटी आपल्या खिडकीपाशीच गेली. तोही गेला आता. माझी चूक कोणाला कळू दिली नाही त्यानं, आपल्या मुलालाही नाही.

आणि म्हणून हे आज लिहायला बसवलं तुला. माझा भाचा, म्हणजे त्याचा मुलगा, परवा वस्तीवरून खाली आपल्याकडे आला होता ना. जीप आता तोच चालवतो. मोठ्या कौतुकानं सांगत होता, आत्या, गाडी पूर्ण तयार केली, ती ढेकराची नळी नीट घट्ट बसवली, आणि तेलाची पट्टी फार खराब झाली होती, ओरखडे पडलेले, म्हणून नवी कोरी आणून घातली. आता तेल अगदी रेघेबरोबर ठेवतो, म्हणाला. येत्या मंगळवारी तपासणी आहे. बायको आणि पोरीला बरोबर नेणार आहे, शहर दाखवायला.

मी तेव्हा मान हलवली आणि पुन्हा गप्प बसले. बघ, किती खोड आहे मला.

तेव्हा हे सगळं त्याला दे. आज दे, मंगळवारची वाट बघू नकोस. त्याचा फोन लागत नाही वर, तू स्वतः जा. आणि ती जुनी पट्टी माझ्या पेटीत, साड्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली आहे. त्यानं टाकायला म्हणून गाडीत ठेवलेली, मी परवाच गुपचूप उचलून घेतली. तीही त्याच्या हातात दे आणि सांग, रेघा बघू नकोस, तुझ्या बापानं पाडलेली खूण बघ. आणि पोरीला समोरच्या बाकड्यावर बसवू नकोस म्हणावं.