दुपारचा रकाना

पालिकेच्या उद्यान खात्यात त्यांना टेपमामा म्हणत. हे नाव ठेवणारा माळी कधीच निवृत्त झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. खिशात पाच मीटरची टेप असल्याशिवाय मामा घराबाहेर पाऊल टाकत नसत. झोपाळ्याची फळी जमिनीपासून किती वर, घसरगुंडीच्या टोकाला वाळू किती खोल, दोन बाकांमध्ये अंतर किती, सगळं तोंडपाठ. एकदा आजारी मित्राला भेटायला दवाखान्यात गेले, तर बोलता बोलता त्यांनी खाटेची उंची मोजली आणि ती दोन इंच जास्त आहे म्हणून नर्सला सुनावलं. मित्राची विचारपूस करायची राहूनच गेली.

शहरातल्या सहा बागा देखरेखीला त्यांच्याकडे होत्या. त्यांतली तळ्याकाठची बाग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिथल्या अडतीस बाकांवर एक ते अडतीस आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवले होते, आणि आकडा पुसट झाला की ते माळ्याला न सांगता स्वतःच ब्रश घेऊन बसत. असा हा माणूस मोजण्यात खोटं बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तेच तर झालं ना.

बागेची नवी आखणी करायची, वेळा ठरवायच्या, तर त्याआधी खात्यात मोजणी होते. सात दिवस, दिवसातून चार वेळा, प्रत्येक बाकावर किती माणसं बसली आहेत ते कागदावर भरायचं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि सात. तळ्याकाठच्या बागेची मोजणी मामांकडे आली ती ऐन उन्हाळ्यात. गुडघा ठणकत होता. पहिल्या दिवशी दुपारी ते बागेच्या फाटकापर्यंत गेले, आत एकदा डोकावले, तापलेली फरशी बघितली आणि मागे फिरले. या उन्हात कोण कशाला मरायला येतंय, असं स्वतःशीच म्हणाले, कार्यालयात पंख्याखाली बसले आणि दुपारचा रकाना शून्यांनी भरून टाकला. बाकीचे तीन रकाने मात्र त्यांनी डोळ्यांत तेल घालून भरले. सातही दिवस हेच. बुधवारी मात्र त्यांच्या मनात आलं, सगळीच शून्यं म्हणजे बनावट वाटेल. म्हणून चौदा नंबरच्या बाकावर त्यांनी एक माणूस बसवला. कागदावर.

आराखडा करणाऱ्या मॅडम नव्या होत्या, हुशार होत्या. मामांचे कागद बघून त्या म्हणाल्या, "मामा, इतकी स्वच्छ मोजणी मी अजून पाहिली नाही." मामा लाजले. ते कौतुक त्यांनी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं, ही गोष्ट नंतर त्यांना सगळ्यात जास्त बोचली.

महिन्याभरात फाटकावर पाटी लागली. बाग दुपारी बारा ते चार बंद. त्या वेळात पाणी घालायचं, छाटणी करायची, रखवालदार दुसऱ्या बागेत पाठवायचा. कागदावर बघितलं तर यात नाव ठेवायला जागा नव्हती.

आता वहिनीबद्दल सांगायला हवं. मामांची आई लवकर गेली. थोरल्या भावाचं लग्न झालं तेव्हा मामा नऊ वर्षांचे होते, आणि वहिनी एकोणीसची. तिने या पोराला न्हाऊमाखू घातलं, अभ्यासाला बसवलं, शाळेत मारामारी करून आला की मास्तरांची समजूत काढली, आणि हे सगळं करताना नऊ वर्षांच्या त्या शेंबड्या पोराला ती मानाने "भाऊजी" म्हणायची. भाऊ गेल्यावर ती मामांच्या घरी राहायला आली नाही. जवळच एका खोलीत राहिली आणि म्हाताऱ्यांची देखभाल करायची कामं धरली. सकाळी एका घरी, दुपारनंतर दुसऱ्या घरी. मामा दर रविवारी तिच्याकडे चहाला जात. कामं दोन आहेत एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या दोन कामांच्या मधला वेळ ती कुठे काढते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पाटी लागल्यानंतरच्या एका रविवारी मामा गेले तर वहिनी अंथरुणावर होती. दोन दिवस ताप होता, लघवीला आग होत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि भरपूर पाणी प्या म्हणून बजावलं होतं.

"मग पीत का नाहीस?" मामा रागावले. "लहान आहेस का तू?"

"पिऊन जाऊ कुठे, भाऊजी?" वहिनी म्हणाली. "एका घरून बाराला निघते, दुसऱ्या घरी तीनला जायचं. मधे घरी यायचं तर बसमध्येच वेळ जातो. आधी बागेत बसायचे. तिथे नळ होता, संडास होता. आता फाटकालाच कुलूप. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसते. म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही."

"कुठली बाग?" मामांनी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"तुमचीच की, तळ्याची. सात वर्षं झाली. आम्ही बाराजणी असतो. बावीस, तेवीस, चोवीस नंबरची बाकं. चिंचेची सावली आहे ना तिथे. डबा खायचा, जरा पाय पसरायचे." ती उशीला टेकून हसली. "मी सगळ्यांना सांगत असते, हे आकडे माझ्या दिरांच्या हातचे आहेत."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं त्यात? तुम्ही एकदोनदा दिसला होतात, पण सोबत साहेबलोक. तिथे मी डबा घेऊन हाक कशी मारणार?" मग ती म्हणाली, "रखवालदार सांगत होता, कुणीतरी मोजून गेलं म्हणे, दुपारी कुणीच नसतं. कोण आंधळा मोजायला पाठवला होता देव जाणे. तुम्ही असता तर असं झालं नसतं."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच बोलायला हवं होतं. पण तोंडून निघालं ते एवढंच, "बघतो मी." आणि हे ऐकून वहिनीचा चेहरा असा काही खुलला की ते चहा न घेताच उठले. लाज काय असते ते मामांना त्या दिवशी कळलं. गुन्हा केल्यावर वाटली नव्हती तेवढी ती कौतुक ऐकून वाटली.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमसमोर उभे राहिले. खरं सांगायचं असं ठरवून गेले होते, पण आयत्या वेळी जीभ भलतीकडेच वळली. "मॅडम, लोकांची मागणी आहे. तळ्याची बाग दुपारी उघडी हवी म्हणतात."

मॅडमनी फाईल उघडली. "पण मामा, तुमचेच आकडे आहेत. सात दिवसांत मिळून एक माणूस."

"पुन्हा मोजणी करू या."

"बंद बागेची?" मॅडम हसल्या. "कुलूप लावून मोजलं तर शून्यच येणार ना? आणि पहिली मोजणी बरोबर असताना कुलूप काढायला साहेबांना काय कारण देऊ?"

मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असंख्य माणसांना खोटं मोजल्याबद्दल झापलं होतं. वाळूवाल्याला, फरशीवाल्याला, कुंपणाच्या ठेकेदाराला. ते सगळे जण रांगेने समोर उभे आहेत असं त्यांना वाटलं.

"बरोबर नाहीये," ते म्हणाले. "दुपारी मी गेलोच नाही. इथे बसून भरलं."

मॅडमना आधी ती थट्टा वाटली. मग मामांच्या तोंडाकडे बघून त्यांनी फाईल मिटली. "आणि बुधवारचा माणूस?" त्यांनी शेवटी विचारलं. मामांनी नकारार्थी मान हलवली.

पुढे व्हायचं ते झालं. खुलासा द्यावा लागला, सेवापुस्तकात लाल शाईने शेरा आला. सहाही बागांतल्या त्यांच्या जुन्या मोजण्या तपासायला काढल्या. माळी समोर काही बोलत नव्हते, पण मामा टेप काढू लागले की दोघंतिघं दुसरीकडे बघायला लागत. मामांनी ते सगळं खाली मान घालून सोसलं. बाग दुपारी उघडली आणि पुन्हा मोजणीचा हुकूम निघाला. मोजायचं मामांनीच, आणि सोबत मॅडम एक दिवस आड येणार.

पहिल्या दिवशी मॅडम नव्हत्या. साडेबाराला मामा कागद घेऊन चिंचेखाली जाऊन उभे राहिले. एकेक करत बायका आल्या. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या खांद्यावर पिशवी, एकीने आल्या आल्या चपला काढून बाकावर पाय घेतले आणि डोळे मिटले. वहिनी आली ती ताठ मानेने. आजारपणाचा अशक्तपणा अजून पुरता गेला नव्हता.

"हे माझे दीर," तिने सगळ्यांना सांगितलं. "यांनीच कुलूप काढायला लावलं. मी म्हटलं नव्हतं?"

एकीने मामांना बसायला जागा केली. दुसरीने पाण्याची बाटली पुढे केली. मामांनी ती घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली. आजही गप्प बसलो तर जन्मभर या बाईकडे चहाला जाता येणार नाही, हे त्यांना कळत होतं. बोललो तरी कदाचित जाता येणार नाही, हेही.

"वहिनी, तो आंधळा मीच," ते म्हणाले. "मोजायला मलाच पाठवलं होतं. मी फाटकातूनच परत गेलो."

डोळे मिटून बसलेल्या बाईने डोळे उघडले.

"आम्ही दिसलो नाही?" वहिनीने विचारलं.

"मी बघितलंच नाही. इकडे आलोच नाही. शून्य लिहिलं."

"सातही दिवस?"

"एक दिवस एक लिहिला. चौदा नंबरवर. खरं वाटावं म्हणून."

"कोण होता तो?"

"कुणी नव्हता."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे नसलेला एक तुम्हाला दिसला," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि आम्ही बाराजणी नाही." मग तिने विचारलं, "चौदा नंबर कुठे आहे?"

मामांनी हात केला. तळ्याच्या पलीकडे, भर उन्हात, एकटंच ते बाक होतं. वहिनीने डबा उचलला, पदर डोक्यावर घेतला आणि ती चालू लागली. मैत्रिणींनी हाका मारल्या, पण तिने मागे वळून बघितलं नाही. तिकडे जाऊन ती बसली, त्यांच्याकडे पाठ करून, आणि तिने डबा उघडला.

एक वाजला. मामांनी खाली बसून कागद गुडघ्यावर ठेवला आणि भरायला सुरुवात केली. बावीसवर चार, तेवीसवर चार, चोवीसवर तीन. मग कागदावर बोट वर सरकवत त्यांनी चौदा नंबरची ओळ शोधली आणि तिथे एक लिहिला.